ग्रेट कॉक्सवेलचं कोठार आणि ब्यूलीची वही

इंग्लंडात स्विंडनहून ऑक्सफर्डला जाणाऱ्या ए४२० रस्त्यावर, फॅरिंग्डनच्या जरा अलीकडे ग्रेट कॉक्सवेल नावाचं लहानसं गाव लागतं. दगडी घरं, एक जुनं चर्च, आणि गावाच्या टोकाला शेताच्या कडेला उभं असलेलं एक कोठार. लांबी १५२ फूट, रुंदी ४४ फूट, उंची ४८ फूट. लाकडाची तारीख १२९२ च्या आसपासची. आत पाऊल टाकलं की माणूस वर बघतो आणि हमखास म्हणतो, "अगदी कॅथेड्रल!" जवळच्या केल्म्स्कॉट गावात राहणारे डिझायनर विल्यम मॉरिस पाहुण्यांना मुद्दाम हे कोठार दाखवायला आणायचे. तेव्हापासून हे कौतुक चालत आलंय.

मला या कॅथेड्रलचा जरा कंटाळा आलाय. छत सुंदर आहे, वादच नाही. पण शेतकऱ्याच्या घरातला माणूस धान्याच्या जागेत शिरला की आधी खाली बघतो. मळणी कुठं व्हायची, वारं कुठून यायचं, गाडी कुठून आत घ्यायची, आणि राशीवर नजर कोण ठेवायचं? माझं माहेर बार्शीकडचं, ज्वारीच्या पट्ट्यातलं. अण्णा गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते आणि मी इथं हिशेबनिसाचं काम करते. तेव्हा मी बघणार ते असंच बघणार.

आधी हे कोठार कोणाचं ते सांगते. १२०३ मध्ये राजा जॉनने फॅरिंग्डनची जहागीर सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंना दिली. इथंच मठ उभारायचा बेत होता. वर्षभरात बेत बदलला आणि १२०४ मध्ये मठ गेला दक्षिण किनाऱ्याजवळ न्यू फॉरेस्टच्या जंगलात, ब्यूलीला. फॅरिंग्डनची जमीन मात्र मठाकडेच राहिली. कॉक्सवेल त्यातलंच. म्हणजे मठ एकीकडे आणि सुपीक रान जवळपास साठ मैलांवर दुसरीकडे. मठाच्या अशा दूरच्या शेतीकेंद्राला ग्रेंज म्हणायचे: कोठार, गोठे, राहायची जागा, तळं, आणि भोवती मठाची स्वतःची कसणूक.

बरेच लोक याला दशांशाचं कोठार समजतात, म्हणजे गावकऱ्यांकडून चर्चने घ्यायचा दहावा हिस्सा साठवायची जागा. ते चूक आहे. इथं यायचं ते मठाचं स्वतःचं पीक.

एवढं मोठं का, हा प्रश्न मला अण्णांनी फोनवर विचारला. मी मापं सांगितली तर म्हणाले, "एवढ्या खळ्याला छप्पर कशाला घातलं?"

"अण्णा, इथं ऐन सुगीतच पाऊस असतो."

"मग हुरडा कवा खायचा?"

हुरड्याचं जाऊ द्या, पण प्रश्न नेमका होता. आमच्याकडे रब्बीची ज्वारी निघते ती कोरड्या हवेत. कणसं खुडायची, उघड्यावर खळं करायचं, मध्ये तिवडा रोवायचा, बैलांची पात धरायची, वाऱ्यावर उफणायचं आणि तयार धान्य पेवात नाहीतर बळदात ओतायचं. साठवायचं असतं ते फक्त धान्य. कडब्याची गंजी बाहेरच. इंग्लंडात गहू, बार्ली, ओट निघतात ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि आभाळाचा काही भरवसा नसतो. म्हणून पेंढ्या न मळताच छपराखाली आणायच्या, रचून ठेवायच्या आणि पुढचा अख्खा हिवाळा लागेल तशा काढून मळायच्या. काडीसकट पीक ठेवायचं म्हटल्यावर जागा किती तरी पट लागणार. ४८ फूट उंचीचं कारण हे आहे. देवाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आता त्या खालच्या जागेकडे या. कोठार सात खणी आहे. लांबीच्या दोन्ही अंगांना मधोमध समोरासमोर देवड्या आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आडव्या टोकांना आज जे मोठे दरवाजे दिसतात ते फार नंतरचे, अठराव्या शतकातले, मोठ्या गाड्या आत याव्यात म्हणून पाडलेले. मूळ वाट देवड्यांतूनच. भरलेली गाडी एका देवडीतून आत यायची, दोन्ही बाजूंच्या खणांत पेंढ्या उतरवायची. मळणी त्या दोन दारांच्या मधल्या पट्ट्यात, दांडक्यांनी झोडून. उफणायच्या वेळी दोन्ही दारं सताड उघडायची की वारा आरपार. मी त्या पट्ट्यात उभी राहिले तेव्हा बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, तरी अंगावर वाऱ्याची झुळूक येत होती. ज्याने हे आखलं त्याने स्वतः कधी तरी सूप हातात धरलं असणार, असं मला ठामपणे वाटतं.

पश्चिमेच्या देवडीवर एक खोली होती. ग्रेंजचा कारभार बघणारा मठाचा बंधू तिथं बसायचा असं मानतात. धान्य आत येणार-जाणार त्या दारावरच याची बैठक. अण्णांची सोसायटीतली खुर्चीसुद्धा गोदामाच्या दाराकडे तोंड करून होती, आणि ती तिथून कोणी हलवलेली त्यांना खपायची नाही.

खांबांबद्दल दोन शब्द. ओकचे प्रचंड खांब दोन रांगांत उभे आहेत, पण ते जमिनीला टेकत नाहीत. प्रत्येकाखाली जवळपास माणसाच्या उंचीचा दगडी चौथरा. ओल लाकडापर्यंत चढू नये आणि गाडीच्या चाकाचा धक्का लाकडाला बसू नये, हे उघड दिसतंच. या खांबांवरच्या मुख्य कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, त्यांच्या अधेमधे दुसऱ्या हलक्या कैच्या आहेत. त्यांना खालून खांब नाही, बाकदार लाकडं थेट बाजूच्या भिंतीतून निघून वर जातात. त्यामुळे खांबांची संख्या निम्म्यावर आली आणि पेंढ्या रचायला मोकळी जागा मिळाली. लाकडाचं टोक लाकडाच्या खाचेत बसवून लाकडाच्याच खुंट्या ठोकल्यात. वर पाख्यावर दगडी पाट्या, खाली वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. तेवढं सगळं वजन सात शतकं त्या खांबांवर आहे.

तारीख कशी ठरली तेही सांगण्यासारखं आहे. पूर्वी बांधणीच्या धाटणीवरून हे कोठार तेराव्या शतकाच्या मध्याचं धरायचे. मग लाकडाची वलयं मोजली गेली. पोकळ गिरमिटाने तुळईतून पेन्सिलएवढी कांडी काढतात. तिच्यावर वर्षावर्षाची वलयं दिसतात, ओल्या सालाचं रुंद, कोरड्या सालाचं बारीक. रुंद-बारीक हा क्रम त्या प्रदेशाच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवायचा. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात पडलं इथपर्यंत सांगता येतं. ओक तोडल्यावर फार वाळू देत नसत, ओलाच कापून जोडत, म्हणून तोडीचं साल आणि बांधणीचं साल जवळजवळ एकच. उत्तर आलं १२९२ च्या सुमाराचं. तीस-चाळीस वर्षांनी काय बिघडतं असं वाटेल. पण इथं सगळी गोष्टच त्या फरकात आहे.

कारण सिस्टर्शियन पंथ सुरू झाला १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितोला, आणि झाला तो श्रीमंत मठांना कंटाळलेल्या माणसांकडून. जुने मठ खंडावर, दशांशावर, कुळांच्या घामावर जगतात. आपण तसं करायचं नाही, आपल्या हातांनी कसून खायचं, असा त्यांचा बाणा. नियमच होते: दुसऱ्याचे दशांश घ्यायचे नाहीत, खंड घ्यायचा नाही, वेठीची कुळं ठेवायची नाहीत, गिरण्या आणि चर्चेस उत्पन्नासाठी बाळगायची नाहीत. आणि ग्रेंज मठापासून एका दिवसाच्या वाटेवर हवी. आता ब्यूली बघा. कॉक्सवेलला मठापासून एका दिवसात चालत पोचून दाखवा! शिवाय गाव आधीपासून वसलेलं, १०८६ च्या राजाच्या जमीन-पाहणीत त्याची नोंद आहे. म्हणजे जमिनीबरोबर माणसंही आली, वेठीसकट. राजाने दिलेलं दान, नाही कोण म्हणणार? नियम पहिल्या दिवशीच वाकला.

आणि कसायचं कोणी? भिक्षू दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेला उभे, ते साठ मैलांवर नांगर धरायला कधी जाणार. यासाठी पंथाने सेवक-बंधू नावाचा दुसरा वर्ग केला. दाढी राखलेले, व्रतं घेतलेले, पण शिकायची मनाई असलेले. हातात पुस्तक द्यायचं नाही, चार-दोन प्रार्थना तोंडपाठ करायच्या एवढंच. चर्चमध्ये त्यांची बसायची जागा वेगळी, जेवायची वेगळी. ग्रेंज चालायच्या त्या यांच्या जिवावर. वर्गभेद देवळात आला की तो किती व्यवस्थित आखलेला असतो, हे आपल्याला कोणी समजवायला नको.

हे बंधू गरीब गाय होते असं मात्र नाही. वेल्समधल्या कुम्हिर मठाच्या ग्रेंजवर बीअर बंद केली म्हणून ११९५ मध्ये बंधूंनी मठाधिपतीचे घोडेच पळवले. शिक्षा म्हणून त्यांना पायी फ्रान्समधल्या क्लेअरवोला धाडलं. १२०६ मध्ये मार्गम मठात तर त्यांनी भांडाराच्या अधिकाऱ्याला घोड्यावरून खाली ओढलं, मठाधिपतीचा पंधरा मैल पाठलाग केला आणि स्वतःला शयनगृहात कोंडून घेऊन भिक्षूंचं अन्न तोडलं. दिवसभर झोडपणी करून आलेल्या माणसाला संध्याकाळी काय हवं असतं ते नियम लिहिणाऱ्यांना कळलं नव्हतं.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बंधू मिळेनासे झाले. गावात मजुरी मिळत होती, लग्न करता येत होतं, मग दाढी वाढवून मुकाट राबायला कोण येणार? जागा पगारी गड्यांनी भरल्या. म्हणून १२९२ ही तारीख महत्त्वाची. कोठार शतकाच्या मध्याचं असतं तर व्रतस्थ बंधूंच्या श्रमाचं स्मारक म्हणता आलं असतं. पण ते उभं राहिलं त्या आदर्शाचा पाया खचत असताना. आत मळणी करणारे बहुतेक जण मजुरीवरचे आणि वेठीवरचे असणार. भक्ती दगडात घडवली वगैरे वाक्यं मला म्हणूनच पचत नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग. ब्यूली मठाची १२६९–७० या सालाची हिशेबाची वही शिल्लक आहे. मठाचा एका वर्षाचा कारभार, खातेवार. ग्रेंजेस आहेतच, शिवाय भटारखाना, मद्यभट्टी, कातडी कमावायचा कारखाना, चपला-बुटांचा विभाग, लोहारखाना, लोकर, पाहुणेघर, प्रत्येकाचं खातं वेगळं. एवढंच नाही, हिशेब कसे ठेवायचे आणि कसे तपासायचे याचे नियमही त्यात आहेत. सातशे वर्षांपूर्वीची लेखापरीक्षणाची पुस्तिका म्हणा ना.

त्या काळच्या शेतीच्या हिशेबाची रीत नफा-तोट्याची नव्हती. प्रश्न एकच: तुझ्या ताब्यात काय दिलं होतं आणि त्याचं तू काय केलंस? आधी सगळी जमा कारभाऱ्याच्या डोक्यावर चढवायची: गेल्या सालची शिल्लक, मळून निघालेलं धान्य, जन्मलेली कोकरं, विक्रीचे पैसे. मग त्याने एकेक वजावट सांगायची: बियाणं इतकं, गड्यांचं धान्य इतकं, घोड्यांचे ओट इतके, विकलं इतकं, मेलेली मेंढरं इतकी आणि त्यांची कातडी इथं आहेत बघा. उरलं ते दाखव, नाहीतर पदरचं भर. मेलेल्या मेंढराचं कातडं दाखवावं लागायचं यातच सगळं आलं. अण्णांच्या सोसायटीत खताची रिकामी पोती मोजून घ्यायचे, तो याच जातीचा अविश्वास.

या वहीच्या मागे एक भीती पण आहे. तेव्हा गव्हाच्या एका मापाला चार मापं निघाली तर साल बरं गेलं म्हणायचे. त्यातलं एक परत बियाण्याला. म्हणजे हाती तीन, त्यात माणसं, जनावरं, पाहुणे, भिकारी आणि विक्री. एवढ्या बारीक फरकावर शेती चालते तेव्हा देवडीवरच्या खोलीत बसणारा माणूस चैनीचा राहत नाही. कॉक्सवेलचं धान्य साठ मैल गाडीने ब्यूलीला नेणं परवडलं असेल असं मला वाटत नाही. फॅरिंग्डनच्या बाजारात विकून रोकड पाठवणं सोपं. पण तसं म्हटलं की आपल्या हाताने कसून खाण्याचा उरलासुरला मुद्दाही गेला. राहिला तो धंदा.

धंद्याची खरी गंमत लोकरीत होती आणि तिथंच मठ बुडाले. इटलीचे व्यापारी, फ्लोरेन्सचे, लुक्काचे, मठांना आगाऊ रक्कम द्यायचे आणि पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आजच्या भावात बांधून घ्यायचे. उचल हाताशी आली की बांधकामं निघायची. मग १२७० च्या दशकात मेंढ्यांवर खरजेची साथ आली. कळप गेले, करार राहिले. यॉर्कशायरचा फाउंटन्स मठ म्हणजे देशातल्या सगळ्यात श्रीमंत सिस्टर्शियन मठांपैकी एक. १२९१ मध्ये त्याच्या डोक्यावर ६,३७३ पौंडांचं कर्ज होतं. द्राक्षाचा बाग फुलोऱ्यात असतानाच उचल घेतलेले लोक मी लहानपणी पाहिलेत, त्यामुळे हा आकडा वाचून मला मठाधिपतीपेक्षा त्याच्या हिशेबनिसाची जास्त कीव आली.

कॉक्सवेलचं गाव निदान जागेवर राहिलं. सगळीकडे तसं झालं नाही. या पंथाला एकांत हवा असायचा, आणि एकांत नसेल तिथं तो तयार करायचे. नॉटिंगहॅमशायरमध्ये ११४६ मध्ये रफर्ड मठ आला आणि रफर्ड, क्रॅटली, ग्रिमस्टन ही गावं उठली. उठवलेल्या लोकांचं वेलो नावाचं नवं गाव वसलं, ते आजही आहे. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांना वेलो नकाशावर बघून फार काही विचारावं लागणार नाही. ओसाड गावांच्या खुणा आता विमानातून काढलेल्या फोटोंत दिसतात: तिरप्या उन्हात उठून येणारे घरांचे चौकोन, गल्लीची बुडालेली रेघ, जुन्या नांगरटीच्या वरंब्यांचे पट्टे.

पूर्ण ग्रेंज कशी दिसायची ते कॉक्सवेलला कळत नाही, कारण कोठार सोडून तेव्हाचं बाकी जमिनीवर काही दिसत नाही. त्यासाठी लिंकनशायरच्या साऊथ विदमचं उत्खनन बघावं लागतं. ते टेम्पलर या लढवय्या भिक्षूंचं शेतीकेंद्र. जागा शेतीसाठी सपाट होणार होती, म्हणून १९६५ ते ६७ मध्ये ती खणून काढली. कोठारं, गोठे, स्वयंपाकघर, लहानसं प्रार्थनागृह, पाणचक्की, मासे राखायची तळी, असा अख्खा पसारा हाती आला. १३०८ मध्ये इंग्लंडात टेम्पलरांची धरपकड झाली, त्यामुळे वस्तीचा शेवटही ठाऊक. तिथं जमिनीचा आराखडा आहे, भिंत नाही. कॉक्सवेलला भिंत आहे, आराखडा नाही. वही तिसरीकडेच. या तिन्ही गोष्टी एका जागेच्या असत्या तर काय बहार आली असती!

पुढचं सगळं उताराचं. १२०८ मध्येच पंथाच्या सर्वसाधारण सभेने दूरची, कमी उपयोगाची जमीन खंडाने द्यायला परवानगी दिली होती. १३४८–४९ च्या प्लेगनंतर मजूर महागले आणि खंडाने देणं हीच रीत झाली. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ब्यूली मठ खालसा केला. कॉक्सवेलच्या कोठाराला त्याने फरक पडला नाही. मालक बदलले, शेतकरी त्यात पेंढ्या भरत राहिले. १९५६ मध्ये, प्रवासी कंपनीवाल्या थॉमस कुकचे नातू अर्नेस्ट कुक यांच्या मृत्युपत्रातून ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं.

याच मठाचं दुसरं कोठार न्यू फॉरेस्टमध्ये, ब्यूलीजवळ सेंट लेनर्ड्सला आहे. ते याहून मोठं, दोनशे फुटांहून लांब. मात्र आता मोडलेलं; रस्त्यावरून भिंती दिसतात. नंतरच्या कोणा शेतकऱ्याने त्या पडक्या भिंतींच्या आतच आपल्या पिकापुरतं लहान कोठार बांधून घेतलं. दगड आयता होता, एक भिंतही आयती मिळाली. कॉक्सवेल बघणाऱ्यांनी ब्यूलीला जायचं ठरवलंच तर तिथल्या मोटारींच्या संग्रहालयात सगळा दिवस घालवू नका, तासभर सेंट लेनर्ड्ससाठी ठेवा.